चौसष्ट घरांची संख्या



चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'एक संख्या' एवढेच कळविले. त्यावर त्यांचा निरोप आला, 'कोणत्या एका विषयावर ते कळले, पण विषय कोणता?' मी पुन्हा लिहिले, 'एक संख्या, हाच विषय.' त्यांनी मोठ्या मनाने तो मान्य केला आणि माझ्या मागणीप्रमाणे हा फळाही आणून ठेवला. वसंतातल्या गार संध्याकाळी गणिताचे नाव काढणे हा श्रोत्यांवर अन्यायच आहे, याची मला जाणीव आहे. परंतु माझा शब्द घ्या, शाळेत बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार शिकलेल्या कोणालाही न समजेल असे मी आज काही बोलणार नाही.

ती संख्या प्रथम फळ्यावर लिहितो :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

वीस अंक आहेत. ही वाचायची कशी? आपल्या पूर्वजांनी त्याची सोय करून ठेवली आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध. त्या पद्धतीने वाचली, तर ही संख्या अशी होते : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शते, १ दशक आणि ५. 'परार्धापलीकडे कोण मोजतो?' असे आपण सहज म्हणतो. ही संख्या परार्धाच्या एकशे चौऱ्याऐंशी पट पलीकडची आहे.

आता ही आली कोठून ते सांगतो. गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या एका बुद्धिमान पुरुषावर हिंदुस्थानचा राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, 'हवे ते माग.' तो म्हणाला, 'महाराज, पटाच्या पहिल्या घरावर गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरा. तेवढे गहू मला पुरेत.' राजाला हसू आले. इतकी क्षुल्लक मागणी करून हा आपल्या औदार्याचा अपमानच करीत आहे, असे त्याला वाटले. पुढे कोठारातल्या कारकुनांनी हिशेब केला तेव्हा राजाचे हसू मावळले. या हिशेबाचे उत्तर म्हणजेच फळ्यावरची संख्या. गोष्ट खरी की खोटी ते कोणी सांगू शकणार नाही, पण उत्तर मात्र जुने आणि अचूक आहे. हिंदुस्थानावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बेरुनीने इ. स. १००० च्या सुमारास आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात ते अंकांसह दिले आहे.

चौसष्ट घरांची बेरीज करीत बसण्याची गरज नाही. युक्ती अगदी सोपी आहे. पट भरण्यापूर्वी राजाकडून एक दाणा जास्तीचा मागून घ्या. पहिल्या घरावरचा एक आणि हा जास्तीचा एक मिळून दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दोन आणि दुसऱ्या घरावरचे दोन मिळून चार, म्हणजे तिसऱ्या घराइतके. असे सरकत गेले की चौसष्ट घरांच्या शेवटी आपल्या हाती पासष्टाव्या घराइतके दाणे येतात, म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. त्यातून उसना घेतलेला दाणा परत केला की झाले उत्तर. या युक्तीत एक तत्त्व दडलेले आहे आणि ते मी आपणांस लक्षात ठेवायला सांगतो : पटावरील कोणत्याही घरात, त्याच्या आधीच्या सगळ्या घरांत मिळून जितके दाणे असतील, त्याहून एक दाणा अधिक असतो. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

'लीलावती'तही असेच एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या, आणि पुढे रोज दुप्पट, अशा महिनाभर दान करण्याचे ठरविले, तर किती निष्क लागतील? कवड्यांत उत्तर येते २१४७४८३६४६, म्हणजे एक लाख चार हजारांवर निष्क! दोन कवड्यांनी सुरू झालेल्या दानाला राजाचा खजिना लागावा, हे भास्कराचार्यांनाही गमतीचे वाटले असले पाहिजे. या उत्तरात एक मिळविला की जी संख्या होते, २१४७४८३६४७, ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः याखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७२ साली सिद्ध केले. या ऑयलरची आपली लवकरच पुन्हा गाठ पडेल.

आता राजा फसला कसा ते पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सरासरी चाळीस ग्रॅम धरू. पटाची पहिली ओळ, म्हणजे आठ घरे, भरली तेव्हा एकूण २५५ दाणे लागले. दहा ग्रॅम, चिमूटभर गहू! दुसरी ओळ संपली तेव्हा एकूण ६५५३५ दाणे झाले, म्हणजे अडीच-पावणेतीन किलो. एका घरच्या चार दिवसांच्या पोळ्या. तिसरी ओळ संपली तेव्हा पावणेसात क्विंटल. चौथी ओळ संपली, अर्धा पट भरला, तेव्हा एकूण दाणे झाले ४२९४९६७२९५. यांचे वजन सुमारे १७२ टन. राजाच्या कोठाराला हे काही जड नाही. येथपर्यंत राजा सुखरूप आहे. वचन पाळणारा आणि उदार राजा म्हणून मिरवायला त्याला काहीच हरकत नाही.

आणि उरलेला अर्धा पट? संपूर्ण पटाचे गहू होतात सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन. आज साऱ्या पृथ्वीवर वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सगळ्या जगाने नऊशेवर वर्षे उपाशी राहून आपला गहू या एका माणसाच्या दारात नेऊन ओतला पाहिजे! राजा मूर्ख नव्हता. त्याने पहिल्या ओळीवरून अखेरचा अंदाज केला, एवढीच त्याची चूक.

हीच संख्या आणखी एका वेशात आपल्यापुढे येते. १८८३ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने एक खेळणे बाजारात आणले. तीन खुंट्या आणि एकावर एक रचलेल्या लहान-मोठ्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. लवकरच त्याला एक कथाही जोडली गेली. काशीच्या एका मंदिरात सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून तेथील ब्राह्मण रात्रंदिवस त्या हलवीत असतात, आणि त्यांचे काम संपेल त्या क्षणी सृष्टीचा लय होईल, अशी ती कथा. ती काशीची नव्हे, फ्रान्सचीच! पण हिशेब खरा आहे. चौसष्ट चकत्या हलवायला जितक्या खेपा कराव्या लागतात, त्यांची संख्या म्हणजे ही फळ्यावरचीच. सेकंदाला एक खेप धरली तरी ५८ हजार ४०० कोटींहून अधिक वर्षे लागतील. आपल्या पुराणांतील ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. असे एकशे पस्तीस कल्प! आजचे शास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. तेव्हा चिंतेचे कारण नाही. आणि आजच्या संगणकांत ज्या चौसष्ट बिटांच्या जागेत एक पूर्ण संख्या साठवितात, त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या तीही हीच.

येथवर आपण संख्येच्या आकाराकडे पाहिले. आता तिच्या अंतरंगात डोकावू. संख्येचे अंतरंग म्हणजे तिचे अवयव. शेवटी ५ आहे, म्हणून पाचाने भाग जातो, हे आपण पाहताक्षणी सांगाल. सर्व अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून तीननेही जातो. त्यापुढे? वीस अंकी संख्येचे अवयव काढणे हे एरवी कष्टाचे काम. पण येथे पटच आपल्याला मदत करतो.

पटाची मधोमध घडी घाला. पहिल्या घरावर तेहेतिसावे घर येईल, दुसऱ्यावर चौतिसावे, याप्रमाणे. तेहेतिसाव्या घरात दाणे आहेत ४२९४९६७२९६. पहिल्याच्या तितकेच पट. चौतिसाव्यातही दुसऱ्याच्या तितकेच पट. म्हणजे खालचा अर्धा पट ही वरच्या अर्ध्याचीच ४२९४९६७२९६ पटींची नक्कल आहे. अर्थात दोन्ही मिळून सबंध पट म्हणजे अर्ध्या पटाचे दाणे गुणिले ४२९४९६७२९७. आता उरलेल्या अर्ध्या पटाची पुन्हा घडी घाला. त्याच न्यायाने तो म्हणजे पहिल्या सोळा घरांचे दाणे गुणिले ६५५३७. सोळांची घडी घाला, २५७ हा गुणक मिळतो. आठांची घाला, १७ मिळतो. चारांची घाला, ५ मिळतो. राहिली दोन घरे, त्यांत दाणे तीन. म्हणून,

आपली संख्या = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहा, केवळ घड्या घालून आपण वीस अंकी संख्येचे सहा तुकडे केले! यांपैकी पहिले पाच तुकडे मिळून अर्धा पट होतो, हे ध्यानात असू द्या. सहावा तुकडा म्हणजे जो आपण पहिल्याच घडीला बाजूला काढला तो.

या सहा संख्यांशी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे. पिएर द फर्मा. हा सतराव्या शतकातला, फ्रान्समधील तूलूझ येथील न्यायाधिकारी. दिवसा न्यायदान करावे आणि फावल्या वेळात गणित, असा त्याचा क्रम होता. परंतु त्या फावल्या वेळात त्याने जे केले, ते पूर्ण वेळ गणित करणाऱ्या शेकडोंना साधले नाही. त्याने पाहिले की ३ ही मूळ संख्या, ५ मूळ, १७ मूळ, २५७ मूळ, ६५५३७ हीही मूळ. पाचांपैकी पाच! १६४० साली त्याने आपल्या मित्राला लिहिले की, या रीतीने होणाऱ्या सर्वच संख्या मूळ आहेत अशी माझी खात्री झाली आहे. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. पण खात्री मात्र पक्की होती.

फर्मासारख्याची खात्री म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. जवळजवळ नव्वद वर्षे तिला कोणी धक्का लावला नाही. १७२९ साली गोल्डबाख नावाच्या मित्राने ऑयलरला सहज पत्रातून विचारले, 'फर्माचे हे म्हणणे तुम्हांला ठाऊक आहे काय?' तीन वर्षांनी, १७३२ साली, ऑयलरने उत्तर जाहीर केले : सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हा गुणाकार घरी जाऊन करून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे. परंतु मी आपणांस ६४१ ने भाग का जातो, तेही दाखवू इच्छितो. त्यात भागाकार करण्याची गरजच पडत नाही.

दोनाच्या अठ्ठाविसाव्या घाताला आपण थोडक्यात 'ख' म्हणू. आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. म्हणून ६४१ × ख = ६२५ ख + १६ ख. १६ म्हणजे दोनाचा चौथा घात, तेव्हा १६ ख म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजेच ४२९४९६७२९६. ही झाली पहिली ओळ : ६२५ ख अधिक ४२९४९६७२९६ ही रक्कम ६४१ च्या पटीतली आहे.

दुसरी ओळ. ६४० म्हणजे ५ × १२८. पाचाचा चौथा घात ६२५, आणि १२८ चा चौथा घात म्हणजे आपला ख. म्हणून ६४० चा चौथा घात ६२५ ख. त्यातून एक वजा केला, तर शाळेतल्या वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने त्याचे अवयव पडतात, आणि त्यांतला एक अवयव असतो ६४० अधिक १, म्हणजे ६४१. तेव्हा ६२५ ख उणे १ हीही ६४१ च्याच पटीतली.

तिसरी ओळ. पहिलीतून दुसरी वजा करा. ६२५ ख गेले. राहिले ४२९४९६७२९६ अधिक १. सहाशे एकेचाळिसाच्या पटीतून सहाशे एकेचाळिसाची पट वजा केली, तर बाकीही त्याच्याच पटीतली असणार. संपले! नव्वद वर्षांची खात्री तीन ओळींत निकालात निघाली.

ऑयलरला ६४१ च कसा सुचला, असे आपण विचाराल. त्याने अंधारात चाचपडत बसण्याऐवजी असे दाखविले की, या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या ६४ च्या पटीहून एकाने अधिकच असली पाहिजे. आंधळेपणाने सर्व मूळ संख्या तपासायच्या, तर साडेसहा हजार भागाकारांची तयारी ठेवावी लागली असती. या नियमाने तपासायच्या राहतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नाला यश! आणि चुटपूट लावणारी गोष्ट अशी की, हा नियम फर्माच्याच एका प्रमेयातून निघतो. हत्यार त्याच्याच घरात होते. त्याने ते उचलले असते, तर एका दुपारी त्याची त्यालाच चूक सापडली असती. पण ज्याची आपल्याला खात्री वाटते, त्याची आपण कोठे तपासणी करतो?

आता राजा आणि फर्मा यांना शेजारी शेजारी उभे करून पाहा. राजाने पहिल्या घरांवरून सगळ्या पटाचा अंदाज केला. अर्ध्या पटापर्यंत तो निभावला, पुढे बुडाला. फर्माने पहिल्या पाच संख्यांवरून सर्व संख्यांविषयी विधान केले. त्या पाच संख्यांचा गुणाकार म्हणजे बरोबर अर्धा पट, आणि त्याची चूक म्हणजे ती सहावी संख्या, जिने गुणल्यावाचून पट पुरा होत नाही. एक दरबारातला, एक गणितातला, पण दोघेही चुकले ते एकाच संख्येत, आणि दोघांची चूकही एकच : आरंभावरून शेवट जोखण्याची.

फर्माची ही चूक वांझ मात्र ठरली नाही. त्याच्या पाच खऱ्या संख्यांना पुढे फार मोठे भाग्य लाभले. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी समभुज त्रिकोण आणि सुसम पंचकोन काढणे ग्रीकांना येत होते. सात बाजूंचा त्यांना जमला नाही, आणि पुढे दोन हजार वर्षे विषम बाजूंच्या बाबतीत कोणाचे पाऊल पुढे पडले नाही. १७९६ सालच्या ३० मार्चला, एकोणिसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना असलेल्या गाउस नावाच्या जर्मन तरुणाला कळून आले की, सतरा बाजूंचा सुसम बहुभुज त्याच साधनांनी काढता येतो. १८०१ साली त्याने सांगितले की, ज्या बहुभुजाच्या बाजूंची संख्या फर्माच्या निरनिराळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने होते, ते सर्व काढता येतात. इतर विषम बाजूंचे काढता येत नाहीत, याची सिद्धता वांत्झेल याने १८३७ साली पुरी केली. फर्माच्या मूळ संख्या आपल्याला पाचच ठाऊक आहेत. त्यांपासून असे एकतीस बहुभुज होतात. त्यांतला सर्वांत मोठा किती बाजूंचा? पाचही संख्यांच्या गुणाकाराइतक्या, म्हणजे ४२९४९६७२९५. अर्ध्या पटावर राजाने जितके दाणे ठेवले, बरोबर तितक्या बाजूंचा!

आपल्या संख्येचे सर्व मूळ अवयव आता हाती आले. ६७००४१७ ही मूळ संख्याच आहे. म्हणून अवयव सात झाले : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. सातही वेगवेगळे, एकही दोनदा नाही. त्यामुळे आपल्या संख्येला निःशेष भागणाऱ्या लहान-मोठ्या संख्या मिळून १२८ होतात. दोनाचाच सातवा घात! आणि आपल्या संख्येत दोन मिळविले की फर्माची सातवी संख्या होते. तीही संयुक्त आहे. २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ असे तिचे अवयव १८८० साली लांद्री या फ्रेंच गृहस्थाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. या सभेतल्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हापासून आजवर, सहाव्या संख्येपासून पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त असल्याचे ठरले आहे. एकही मूळ निघाली नाही. मग आपण असे म्हणावे काय की, यापुढे एकही मूळ नाही? मोह फार होतो. परंतु फर्माने पाचांवरून जे केले, तेच आपण अठ्ठाविसांवरून केल्यासारखे होईल. ते सिद्ध झालेले नाही. म्हणून गणित तेथे मौन पाळते, आणि आपणही पाळले पाहिजे.

बंधु-भगिनींनो, आता मला एक कबुली द्यायची आहे. हा विषय मी निवडला, त्याचे खरे कारण ते आहे.

मी माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकविले. ही राजाची गोष्ट दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगितली. १९९८ साली माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एक योजना घेऊन माझ्या घरी आले. पाचशे रुपये भरायचे, आपल्याखाली दोन सभासद आणायचे, त्यांनी प्रत्येकी दोन आणायचे, आणि साखळी वाढत गेली की आपल्याला हजारो रुपये मिळणार. ज्यांना मिळाले होते, अशी पाच माणसे त्यांनी नावानिशी दाखविली. पाचही खरी होती. मी स्वतः चौकशी केली. आणि मी पैसे भरले. इतकेच असते, तर मी आपल्यापुढे बोललो नसतो. मी माझ्याखाली दोन माणसेही आणली. एक माझे सहकारी, आणि दुसरा आमच्या शाळेचा शिपाई. तो म्हणाला, 'सर, तुम्ही गणिताचे. तुम्ही म्हणता म्हणजे हिशेब बरोबरच असणार.'

चार महिन्यांत साखळी तुटली. पुढे मला कळले की, अशा योजनांना आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदीच आहे. पण मला कायद्याची काय गरज होती? फळा माझ्याच हातात होता. प्रत्येकाने दोन आणायचे, तर एकतिसावी पायरी पुरी व्हायला २१४७४८३६४७ माणसे लागतात. 'लीलावती'तल्या कवड्यांहून एक अधिक! आपल्या साऱ्या देशाची लोकसंख्या दीडशे कोटींच्या आत आहे. तेहेतिसाव्या पायरीला तर सारी मनुष्यजात अपुरी पडते. आणि याहूनही क्रूर असे ते तत्त्व, जे मी आपणांस आरंभी लक्षात ठेवायला सांगितले होते : कोणत्याही घरात आधीच्या सगळ्या घरांहून एक दाणा अधिक. साखळी दहाव्या पायरीवर तुटो की विसाव्या, तुटण्याच्या दिवशी शेवटच्या पायरीवर जी माणसे उभी असतात, ती वरच्या सगळ्यांच्या बेरजेहून एकाने अधिक असतात. त्यांच्या खाली कोणी नाही, म्हणून त्यांना काहीही मिळत नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे बुडालीच पाहिजेत. यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. सगळे प्रामाणिक असले तरी निम्म्याहून अधिक बुडणारच. ज्यांना पैसे मिळाले अशी जी पाच माणसे मी पाहिली, ती पटाच्या पहिल्या ओळीतली होती. आमचा शिपाई शेवटच्या घरात उभा होता, आणि त्याला तेथे मी नेऊन उभे केले होते.

मी त्याचे पाचशे रुपये दुसऱ्या दिवशी परत केले. त्याने बराच वेळ घेतले नाहीत. शेवटी घेतले, पण त्यानंतर मला हिशेबाचे त्याने पुन्हा कधी काही विचारले नाही. पाचशे रुपयांहून ती तूट मोठी होती, आणि ती मला कधी भरून काढता आली नाही.

सिद्धता म्हणजे पुस्तकातली एक कोरडी गोष्ट, परीक्षेपुरती पाठ करायची, असे विद्यार्थ्यांना वाटते. मलाही मनातून तसेच वाटत असावे, एरवी मी फसलो नसतो. पाच उदाहरणे खरी निघाली म्हणजे सहावेही खरे निघेल, असे मानण्याकडे माणसाच्या मनाचा ओढा आहे. त्यावाचून आपला रोजचा व्यवहार चालणारही नाही. पण जेथे दुसऱ्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पाऊल टाकायचे असेल, तेथे तरी थांबून पट शेवटपर्यंत मोजून पाहावा. तीन ओळींचे काम असते, हे आपण आज पाहिलेच आहे.

  ज्यांना ६४१ चा गुणाकार येथेच करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी खडू मी फळ्यापाशीच ठेवून जातो.